मोठीमायच्या भिंतीला टेकलेला बांबू

अन्याय झाला तो माझ्या मोठीमायवर, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोवर. कधी झाला तेही सांगते. कधी ते न सांगता नुसतं अन्याय-अन्याय ओरडणाऱ्याचं पत्रक लोक भज्यांखाली घालतात. गेल्या आषाढात झाला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होता, बाया जेवायला बांधावर यायच्या बेतात होत्या, आणि मोठीमाय पोटरीभर चिखलात वाकून हातातल्या रोपांची, पऱ्ह्यांची, शेवटची जुडी लावत होती. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. ज्या जहाजावर तिचा मुलगा, माझा दादा, कामावर असताना मेला, त्या जहाजाच्या मुख्य साहेबाला बढती मिळाली होती. खांद्यावर नवी पट्टी, समोर केक, आजूबाजूला टाळ्या वाजवणारे हात.

दादा गेला तो त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. तो अपघात होता, आणि अपघाताला मी अन्याय म्हणत नाही. दोर तुटतात, पाणी कोणाचं ऐकत नाही. अन्याय आषाढात झाला. कारण त्या दुपारपर्यंत तिचा मुलगा कोणाच्या हुकमानं त्या दोराजवळ उभा होता, हे एकाही माणसानं तिच्या घरी येऊन सांगितलं नव्हतं. सांगणं बाकी होतं आणि बढती होऊन गेली.

मी बांधावरून तावातावानं बातमी वाचून दाखवली. मोठीमायनं चिखलाचे हात पदराला पुसले, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला.

"चेहऱ्यानं बरा दिसते," ती म्हणाली. "जेवत नाई वाटते बराबर."

"मोठीमाय, याला बढती दिली!"

"आयकलं मी. बहिरी नाई झाली." तिनं मोबाइल परत दिला, त्यावर चिखलाचा अंगठा. "पन यानं अजून सांगतलं नाई न वो? डोंगा कसा गेला ते?"

"डोंगा नव्हता. जहाज होतं."

"पान्यावर चालते न? मंग डोंगाच."

बाकीच्या बाया हसल्या. मी नाही हसले. मला वाटलं, हिला प्रकरण कळलंच नाही. प्रकरण मला कळलं नव्हतं, पण ते पुढे येईल.

आमच्या गावाला समुद्र नाही, तलाव आहे. गाव एका काठाला आणि निम्म्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, दुसऱ्या काठाला. उन्हाळ्यात मधून बैलबंडी जाते. पावसाळ्यात वाट पाण्याखाली जाते, मग रोवण्याच्या बाया, पऱ्ह्यांच्या जुड्या, जेवणाचे डबे आणि एखादी रुसलेली सून असं सगळं डोंग्यानं पलीकडे जातं. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडाचा कोरलेला. तो वल्ह्यानं नाही, बांबूनं चालतो. मागच्या टोकाला उभं राहायचं, लांब बांबू तळाच्या गाळात रोवायचा आणि रेटायचा. ज्याच्या हातात बांबू त्याचा हुकूम. डोंग्यात पाटील बसलेला असो की पाटलाची सासू, बांबूवाला "बसा" म्हणाला की बसायचं.

दादा मिसरूड फुटायच्या आधीच बांबूवाला झाला. त्याच्या डोंग्यात बसणं म्हणजे करमणूक होती. एखादी बाई घरची कुरकुर करायला लागली की तो डोंगा हलकेच डुलवायचा आणि म्हणायचा, "सासूबद्दल बोलू नोको वो काकी, डोंग्याले सोसत नाई." बाया किंचाळायच्या, शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डोंग्यासाठी काठावर थांबायच्या.

तो नौदलात लागला तेव्हा तर गावानं वरातच काढली. कोहमाऱ्यापर्यंत त्याला सोडायला ट्रॅक्टर गेला, आणि तिथल्या ढाब्यावर एवढ्या लोकांनी चहा प्यायला की मालकानं नवरदेव कोणता ते विचारलं. मोठीमायनं त्याच्या पिशवीत चिवडा, लाखोळीची डाळ आणि तलावाच्या पाण्याची एक बाटली भरली होती. नव्या पाण्याला जुन्या पाण्याची ओळख पाहिजे म्हणे. ती बाटली स्टेशनावर तहान लागली तेव्हा दादानं पिऊन टाकली, आणि हे त्यानं आईला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं.

पहिल्यांदा त्यानं जहाजावरून आईला समुद्र दाखवला, तो व्हिडिओ कॉल मी कधी विसरणार नाही. सगळं घर मोबाइलवर वाकलेलं.

"याची पाळ कोठी आहे?" मोठीमायनं विचारलं. आमच्याकडे तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात.

"पाळ नाई, माय, याले."

"मंग पानी थांबते कायनं?"

दादा तिकडे इतका हसला की चित्र हललं. शेजारचे खलाशी डोकावले. मोठीमायनं त्यांचीही चौकशी केली, तुझं गाव कोणतं, जेवला का, लग्न झालं का. समुद्राचं पाणी पिता येत नाही हे कळल्यावर तिनं जाहीर केलं, "एवढं पानी अन् कामाचं नाई! आपला तलाव बरा." हे वाक्य पुढे त्या जहाजावर म्हण झालं होतं, असं दादा सांगायचा. सुट्टीवर आला की गल्लीतल्या पोरांना जहाजाच्या गाठी शिकवायचा. एकदा त्यानं शेजारच्या काकाची बकरी अशा गाठीनं बांधली की अख्ख्या गल्लीला ती सुटेना, आणि दादा तर आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजाराला गेलेला. संध्याकाळपर्यंत काका त्याच्या नावानं आणि बकरी काकाच्या नावानं ओरडत होती.

आता बांबूचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या गावची एक रीत आहे. डोंग्यातून जाताना कोणी बुडून मेलं, तर बांबूवाला तो बांबू घेऊन मेलेल्याच्या घरी जातो. घराच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवतो. मग अंगणात बसून, सगळ्यांसमोर, झालं तसं सांगतो. आभाळ कसं होतं, माणसं किती घेतली होती, कुठं चुकलं. कोणी त्याला मारत नाही, दंड करत नाही. पण तो बांबू तिथेच राहतो आणि तो माणूस डोंग्यात बसतो तो इतरांसारखा, खाली, डबे मांडीवर घेऊन. मग कधीतरी त्या घरचं माणूस बांबू उचलतं आणि त्याच्या हातात देतं. कधी द्यायचा ते त्या घरानं ठरवायचं. पंचांनी नाही, पाटलानं नाही.

मी शाळेत असताना एक बांबू असा परत गेलेला पाहिला. आमच्या मागच्या घरचा काका डोंगा नेत होता, वादळ आलं, शेजारणीचा नवरा बुडाला. काकानं अंगणात बसून सांगितलं, "ढग दिसला होता मले. तरी घातला डोंगा." एवढंच. त्यानंतर डोंगा दुसऱ्या एकाच्या हाती गेला आणि तो माणूस म्हणजे कहर होता. तो डोंगा नेहमी शिंगाड्याच्या वेलात घुसवायचा. अख्खा रोवणा बायांनी वेल उपसत काढला. मागच्या घरचा काका डोंग्यात बसून ओठ चावायचा, पण "डावीकडं रेट" एवढंही बोलायचा नाही, कारण बोलायचा हक्क भिंतीला टेकलेला होता. शेवटी एका सकाळी ती शेजारीण बांबू घेऊन काठावर आली आणि सगळ्यांदेखत काकाच्या पुढ्यात धरला.

"घे गा," ती म्हणाली. "बसून बसून तुहं पोट सुटलं. डोंगा एकीकडंच झुकते."

काका रडला. बाया हसल्या. डोंगा सरळ गेला. त्या दिवशी पलीकडच्या बांधीत जे गाणं झालं, ते गावापर्यंत ऐकू आलं होतं. काकाला त्याच्या जागेवर परत नेणारी ती बाई होती, म्हणून त्यानंतर त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. बढतीच्या मी विरोधात नाही, हे इथेच सांगून ठेवते. ती बढतीच होती. फक्त ती कोणाच्या हातून आली ते पाहा.

दादाला आणलं तेव्हा पांढऱ्या गणवेशातली माणसं सोबत आली होती. त्यांनी सगळं नीट केलं, खोटं कशाला बोलू. झेंडा नीट घडी करून मोठीमायच्या हातात दिला, सलामी दिली, दोघं-तिघं खरंच रडले. मोठीमायनं त्यातल्या एकाला विचारलं, "डोंगा कोन चालवत होता?" तो म्हणाला, "माताजी, ड्यूटी पर थे." तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीला काही नव्हतं.

पुढे मी अर्ज केले. मला अर्ज येतात. बसची वेळ, धानाचं खरेदी केंद्र, मुलींचं वसतिगृह, सगळ्यावर मी अर्ज केलेत आणि पत्रकं काढलीत. उत्तर आलं की चौकशी झाली आहे, तपशील गोपनीय आहे. दोर तुटला आणि त्याचा फटका बसला, एवढंच आम्हाला कळलं. आणि मग आषाढात तो केक.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. गावोगावी जत्रा, नाटकं, दंडार, पाहुणे, जिलेबी. त्या मंडईच्या दिवशी तलावाच्या पाळीवर दादाचा चबुतरा उघडायचा ठरला. गोंदियातल्या निवृत्त फौजींनी पुढाकार घेतला, गावानं विटा-सिमेंट दिलं. प्रमुख पाहुणा म्हणून त्यांनी बोलावलं ते त्याच साहेबाला, नव्या पट्टीसकट. आणि तो येतो म्हणाला!

माझं डोकं फिरलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: बढतीला घाई, उत्तराला कुलूप. खाली मागण्या, धिक्कार, उद्गारचिन्हं. सोबत काळ्या कापडाचा तागा आणला. मोठीमाय ओसरीवर पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. तिला पत्रक वाचून दाखवलं.

"लय मोठं झालं," ती म्हणाली. "मंडईत जिलेबी खायाची का हे वाचायाचं लोकायनं?"

"मग काय लिहू?"

"आधी सांगा. एवढंच लिव."

"आणि झेंडे?"

"माह्या अंगणात पाहुणा येऊन राहिला अन् तू त्याले काळं फडकं दाखवशीन? तुह्या मायनं हेच शिकवलं?" तिनं तागा हातात घेऊन पाहिला. "कापड बरं आहे. वाडीत माकडं येऊन राहिले पोपटीवर. तठी बांध."

तर माझे काळे झेंडे वाडीत माकडांविरुद्ध लागले. माकडांनी ते पळवले, हा भाग वेगळा.

मंडईच्या सकाळी मोठीमाय पाळीखाली गेली. डोंग्यातला बांबू आणला, धुतला, पुसला, वर हळदीचं बोट लावलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबानं घरी येऊन सांगावं, बांबू भिंतीला टेकवावा. झेंड्यांपेक्षा ती जास्त मागत होती.

मांडवात गर्दी होती. साहेब उंच, सडपातळ, कानशिलावर पांढरे केस. फोटोपेक्षा थकलेला. भाषणं झाली. निवेदक गोंदियाहून लाउडस्पीकरसोबतच आलेला, तोंडात पान आणि हिंदी. मोठीमाय दोन्ही हातांवर बांबू आडवा धरून मांडवात आली. बांबूचं एक टोक सरपंचाच्या फेट्याला लागलं. गाव एकदम गप्प झालं, कारण गावाला माहीत होतं काय चाललंय. निवेदकाला नव्हतं.

"और अब," तो गरजला, "शहीद की पूज्य माताजी की ओर से मुख्य अतिथि को भेंट! जोरदार तालियाँ!"

साहेब उठला, झुकून नमस्कार केला, बांबू हातात घेतला आणि फोटोसाठी उंच धरला.

शहरातून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातला एकही हात हलला नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगते: ज्याच्या हाताखाली मुलगा गेला, त्यानं काही न सांगता, आईसमोर, बांबू उंच धरणं हा आमच्या गावात झालेला सगळ्यात मोठा उद्धटपणा असेल. आणि बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. कॅमेरावाला म्हणत होता, "सर, थोड़ा और ऊपर."

पहिलं कोण हसलं ते मला माहीत आहे. मागच्या घरच्या काकाची बायको. तिनं पदर तोंडात कोंबला, पण फुस्स झालंच. मग तिची जाऊ, मग मागची रांग, आणि मग सगळा मांडव हसायला लागला. मोठीमाय बघत होती, ओठ आवळून. मला वाटलं आता ही रडणार. तिचे खांदे हलले आणि तीही हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, पोटातून. समुद्राच्या पाळीवरून हसणारा दादा कोणाचा मुलगा होता ते तेव्हा कळत होतं.

"ठेव गा बाबू खाली," ती डोळे पुसत म्हणाली. "तुले कोनं देल्ला तो?"

साहेबानं आजूबाजूला पाहिलं. "क्या कह रही हैं?"

मी पुढे झाले. हिंदीत सगळं सांगितलं, रीत, भिंत, अंगण. शिवाय माझ्याकडून थोडं घातलं: बढती, केक, गोपनीय, जनतेचा प्रश्न.

मोठीमायनं माझा दंड धरला. "मी एवढं लांब नाई बोलली."

साहेबाच्या हातातला बांबू हळूहळू खाली आला. फौजींचा सेक्रेटरी म्हणाला, "सर, गोंदिया पहुँचना है, लेट हो रहा है." साहेबानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "घर किधर है?"

आणि मग आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते मंडईतल्या कोणत्याच नाटकात नव्हतं. जहाज चालवणारा माणूस बांबू घेऊन आमच्या गल्लीत शिरला. बांबू लांब, गल्ली अरुंद. निघतानाच त्यानं मांडवाची दिव्यांची माळ ओढून काढली. मग विजेच्या तारेकडे टोक गेलं तेव्हा अख्खं गाव एका सुरात ओरडलं. वळणावर तो अडकला. पुढचं टोक एका घराच्या खिडकीत, मागचं समोरच्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात.

"साहेब, मागं घ्या!"

"मागं नोको, उभा करा!"

"उभा नोको, तार आहे!"

"अरे, कोनी रडार लावा याले!" हे मागच्या घरच्या काकानं.

साहेबाला शब्द कळले नसतील, रडार कळलं. तोही हसला, घामाघूम. कोणी हात लावू पाहिला तर नको म्हणाला. एवढं मात्र मी त्याच्या बाजूनं लिहीन. शेवटपर्यंत बांबू त्यानंच वाहिला.

मोठीमायच्या भिंतीला त्यानं तो टेकवला. ती आधीच घरी येऊन खाट टाकून बसली होती. गाव अंगणात बसलं. साहेब खाटेवर बसला नाही, खाली बसला, आणि हिंदीत, हळू बोलायला लागला. मी मराठीत सांगत होते, आणि या वेळी माझ्याकडून काही घातलं नाही.

जहाज धक्क्याला लागत होतं. वारा होता. ओढून घेणारी छोटी बोट यायला उशीर होता. थांबता आलं असतं. धक्क्यावर मोठे लोक स्वागताला उभे होते. त्यानं हुकूम दिला की थांबायचं नाही, दोरावरच घ्या. दोर ताणला गेला आणि तुटला. दादा आपल्या जागी होता. त्याची जागा बरोबर होती. त्यानं सगळं बरोबर केलं होतं.

"जल्दी मेरी थी," साहेब म्हणाला. "आपके बेटे की कोई गलती नहीं थी."

वळणावर कोंबड्या अजून ओरडत होत्या, त्यांचा खुराडा मोडला होता.

"त्याले दुखलं का?" मोठीमायनं विचारलं.

"नहीं, माताजी. पता भी नहीं चला होगा."

तिनं मान हलवली. मग मी विचारणार होते तो प्रश्न तिनंच विचारला, आणि माझ्या पत्रकातल्या सगळ्या उद्गारचिन्हांपेक्षा सरळ विचारला.

"मंग तुले काऊन वाढवलं?"

बढती का दिली, एवढंच मी हिंदीत सांगितलं. साहेब म्हणाला, "वो मैंने पूछा नहीं."

"पूस न मंग," ती म्हणाली. "बढती देल्ली त्यायले पूस. अन् मले येऊन सांगजो. आता उठ, हात धू. जेवाले बस."

जेवण मंडईचं होतं, म्हणजे कमी पडायचा प्रश्न नव्हता. तांदळाची भाकर, पोपटीची उसळ, आणि तलावातल्या मरळ माशाचा रस्सा. साहेबानं काटा गिळला. समुद्रावर आयुष्य गेलं आणि माशाचा काटा आमच्या तलावात लागला! मोठीमायनं भाताचा मोठा गोळा करून त्याच्या तोंडात कोंबला आणि पाठीत धपका घातला. सेक्रेटरीचा जीव वर-खाली. काटा उतरला. साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते काट्याचं होतं की कशाचं, ते मी लिहिणार नाही, मला दिसलं नाही.

निघताना त्यानं भिंतीकडे पाहिलं. मोठीमायनंही पाहिलं. बांबू तिथेच राहिला.

संध्याकाळी तिनं मला बाजूला बसवलं. "माह्या पोराची चूक नव्हती," ती म्हणाली. "आयकलं न सगळ्यायनं?"

"ऐकलं."

"बस मंग." आणि ती दंडार पाहायला गेली, पुढच्या रांगेत बसली, सोंगाड्याला नावं ठेवली, जिलेबी खाल्ली. मी तिच्याकडे पाहत होते. दोन उन्हाळे ती काय धरून बसली होती ते तेव्हा मला कळलं. तिला भीती होती की तिच्या मुलाचंच काही चुकलं असेल. बांबू त्याच्याही हातात होता ना कधीकाळी. मी पत्रकं लिहीत होते बढतीवर, आणि ती वाट पाहत होती या एका वाक्याची. ते वाक्य पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. त्यासाठी गोपनीय काहीच फोडावं लागत नव्हतं.

संक्रांतीला साहेबाचा फोन आला, मधे दुभाषी मी. त्याला आता आणखी मोठं जहाज मिळालंय. तो म्हणाला, त्यानं वर विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. येऊ का?

"रोवण्यात ये," मोठीमाय म्हणाली. "बाया मिळून नाई राहिल्या. हात लागतीन."

"और वो बांबू, माताजी?"

"आहे तठीच. मले घाई नाई." मग तिनं विचारलं, "तुले आहे का?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

आषाढ पुन्हा जवळ आलाय. पऱ्हे हिरवेगार झालेत, डोंगा दुसऱ्या बांबूनं चालतोय, आणि भिंतीला टेकलेल्या बांबूवर मोठीमायनं दोडक्याचा वेल चढवलाय, जागा वाया जायला नको म्हणून. साहेब आला तर त्याला आधी दोडके तोडावे लागतील. बांबू त्याला मिळेल की नाही ते मला माहीत नाही, ते ती ठरवील. मोठं जहाज मात्र त्याला तिला न विचारता मिळालं आहे, आणि हा अन्याय अजून तसाच आहे. त्यात तुमचाही वाटा आहे, वाचणाऱ्यांनो. कारण केकच्या बाजूचे ते टाळ्या वाजवणारे हात कुठून आकाशातून येत नाहीत.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्याही गावात, ऑफिसात, शाळेत सत्कार होतील. ज्याच्या हुकमाखाली माणूस मेलं, अशा कोणाला शाल मिळेल, पट्टी मिळेल, खुर्ची मिळेल. जहाज असो, कारखाना असो, सहलीची बस असो. निवेदक म्हणेल, जोरदार टाळ्या. तेव्हा हात मांडीवर ठेवा. उभे राहा आणि मोठ्यानं विचारा: त्या घरी जाऊन सांगितलं का? हो म्हणाला तर मीही टाळी वाजवीन, तुमच्यापेक्षा जोरात. नाही म्हणाला तर त्याला घराचा रस्ता दाखवा. सोबत चाला. गल्ली अरुंद असेल तर वळणावर ओरडून मदत करा.

पण तोवर टाळी वाजवू नका.